छताला पुटकुळी का येते?



गेल्या काही महिन्यांत इंदूर, बडोदा, हैदराबाद, नागपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून मला एकच प्रश्न विचारला गेला. "फॉल्स सीलिंगला रुपयाच्या नाण्याएवढे गोल फुगवटे आलेत. पेंटर पुट्टी लावून जातो, सहा महिन्यांत पुन्हा तेच. काय करायचं?" आज त्यावरच बोलू.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. निवृत्तीनंतर आम्ही बेंगळुरूला या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा दिवाणखान्याच्या छताला अशीच एक पुटकुळी आली. नखाने रंगाचा पापुद्रा काढला, तर आत काळ्या स्क्रूचं डोकं. मी पायदळातला माणूस. कुणी डोकं वर काढलं की ते खाली बसवायचं, एवढंच मला ठाऊक. हातोडी घेतली, दोन ठोके दिले आणि वर पुट्टी फासली. सौ. खालून म्हणाली, "अहो, छत आहे ते, शत्रूचा मोर्चा नाही." दोन महिन्यांनी त्याच जागी गोल तडा दिसला आणि मधला भाग थोडा खोल गेलेला. म्हणजे मी दुरुस्ती केली नव्हती, साध्या दुखण्याचं मोठं दुखणं केलं होतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी हा बोर्ड काय चीज आहे ते बघू.

बोर्डाची ताकद कागदात

आपल्या जुन्या वाड्यांत छताला लाकडी तक्तपोशी असायची. फळी जाड, खिळा लांब. खिळा ठोकला की लाकूड त्याला चावून धरायचं. हीच सवय आपल्या हातात आहे आणि जिप्सम बोर्डाच्या बाबतीत नेमकी तीच नडते.

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये अशा बोर्डाचं पेटंट घेतलं. जिप्सम हे मऊ खनिज, भारतात ते मुख्यतः राजस्थानात निघतं. वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा त्यात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. आग लागली की हे पाणी वाफ होऊन निघतं आणि काही काळ उष्णता अडवून धरतं. ऑफिसांच्या केबिनच्या भिंतींसाठी हा बोर्ड वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. इथे बेंगळुरूत तर ऑफिसांच्या केबिनपासून फ्लॅटच्या छतापर्यंत सगळीकडे हाच दिसतो.

पण नुसतं जिप्सम फार कच्चं. घरी एक प्रयोग करून बघा. शाळेतला खडू घ्या आणि दोन बोटांनी मोडा, सहज मोडतो. आता दुसऱ्या खडूभोवती कागद घट्ट चिकटवा, वाळू द्या आणि मग मोडून बघा. बराच जोर लागेल. बोर्डाचं तेच आहे. आतला खडू वजन आणि जाडी देतो, ताण सहन करतो तो कागद.

म्हणून आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: स्क्रू जिप्समला धरत नाही. स्क्रूचे आटे मागच्या लोखंडी सेक्शनला धरतात आणि स्क्रूचं डोकं कागदाला धरतं. कागद फाटला की स्क्रू दिसायला जागेवर असतो, पण बोर्डाला कुणी धरलेलं नसतं.

बिगुलाच्या आकाराचं डोकं

दुकानात 'जिप्समचे काळे स्क्रू' म्हणून मागितले तरी मिळतात. इथे एस. पी. रोडवर गेलात तर दुकानदार एवढंच विचारतो, "एष्टु बेकु, सार?" किती हवेत? पण किती याच्या आधी कोणते, हे आपण बघायचं.

एक स्क्रू हातात घेऊन डोक्याचा खालचा भाग नीट बघा. सुताराच्या साध्या स्क्रूला तिथे सरळ उतार असतो. या स्क्रूला बिगुलाच्या तोंडासारखा पसरट, गोलसर बाक असतो. इंग्रजीतही त्याला बिगुलावरूनच नाव आहे. आयुष्यभर बिगुल ऐकून उठलेल्या माणसाला हे फार आवडलं. हा बाक शोभेसाठी नाही. त्यामुळे डोकं कागदाला कापत नाही, हळूच आत दाबतं. साधा लाकडाचा स्क्रू वापरला तर त्याची धार कागद कापून आत घुसते.

दुसरी गोष्ट आटे. लोखंडी सेक्शनसाठी बारीक, जवळजवळचे आटे. लाकडी चौकटीसाठी जाड, लांबलांबचे आटे. तिसरी गोष्ट लांबी. आपल्याकडचा नेहमीचा बोर्ड १२.५ मिलिमीटर जाड. त्याच्या एका थराला २५ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची स्क्रू. दोन थर असतील तर ३५ मिलिमीटरचा. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे याहून लांब स्क्रूने पकड वाढत नाही. उलट वरून गेलेल्या वायरला टोक लागायची भीती वाढते.

वीत, हात आणि बोट

छताच्या कामाची आपल्याकडची रूढ मापं मिलिमीटरमध्ये लिहिलेली असतात आणि लोक ती विसरतात. मी ती माझ्यापुरती मराठीत करून घेतली आहेत.

बोर्ड ज्या सेक्शनवर बसतो, त्या दोन सेक्शनमधलं अंतर ४५७ मिलिमीटर, म्हणजे १८ इंच. हा झाला आपला एक हात. एकाच सेक्शनवर दोन स्क्रूंमधलं अंतर २३० मिलिमीटर, म्हणजे ९ इंच. ही झाली एक वीत. उभ्या भिंतीच्या बोर्डाला थोडी सवलत आहे, तिथे ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर चालतं, कारण तिथे बोर्ड लोंबकळत नसतो. बोर्डाच्या कागद गुंडाळलेल्या कडेपासून स्क्रू निदान १० मिलिमीटर आत हवा, म्हणजे अर्धं बोट. कापलेल्या कडेपासून १५ मिलिमीटर. याहून कडेला गेलात तर कड तुटते.

आता थोडं गणित. सहा बाय चार फुटांच्या एका बोर्डाला या हिशेबाने साधारण ३० स्क्रू लागतात आणि बोर्डाचं वजन साधारण २० किलो. म्हणजे एका स्क्रूच्या वाट्याला पाऊण किलोही येत नाही. मग एखादा स्क्रू गेला तर काय बिघडलं? खरंच फारसं बिघडत नाही. पण एका ओळीतले चार-पाच गेले, तर त्यांचा भार शेजारच्या ओळीवर येतो आणि तिथला कागद फाटू लागतो. टुकडीतला एक जवान आजारी पडला तर बाकीचे सांभाळून घेतात. अख्खी फळी गेली तर मोर्चा जातो. आणि २० किलो म्हणजे किती? घरगुती सिलिंडरमध्ये गॅस भरतात तोच १४.२ किलो.

स्क्रू थांबायची जागा

नवा स्क्रू मारताना आधी तळहाताने बोर्ड सेक्शनला घट्ट दाबून धरायचा, मग स्क्रू. बोर्ड ओढून घेणं हे स्क्रूचं काम नाही. स्क्रू अगदी सरळ जायला हवा, तिरका गेला की डोक्याची एक कड कागद फाडते. आणि पूर्ण बोर्ड लावत असाल तर मधून सुरू करून कडांकडे जायचं, म्हणजे मध्ये पोकळी अडकत नाही.

डोकं बोर्डाच्या पातळीच्या किंचित आत, अर्धा-एक मिलिमीटर गेलं की थांबायचं. तिथे छोटीशी खळी पडते, पण कागद अखंड राहतो. तपासायची युक्ती सोपी आहे. पुट्टी लावायचा पत्रा स्क्रूवरून फिरवा. टक् असा आवाज आला तर डोकं वर राहिलंय, अजून पाव फेरा द्या. आवाज आला नाही, पण डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली, तर कागद फाटला. तो स्क्रू गेला असं समजा आणि दोन बोटं सोडून दुसरा मारा.

ड्रिल मशीनने काम करत असाल तर पुढच्या फिरत्या कड्यावर आकडे असतात. सगळ्यात लहान आकड्यापासून सुरू करा. टाकाऊ तुकड्यावर दहा स्क्रू मारून बघा आणि मगच छताला हात लावा. ड्रायवॉलसाठी कडं असलेला खास बिट मिळतो, तो ठरावीक खोलीवर आपोआप सुटतो. नवशिक्याने तो घ्यावाच.

वर आलेला आणि आत गेलेला

आता मूळ प्रश्न. छतावरच्या गोल खुणा दोन प्रकारच्या असतात आणि पेंटर दोन्हींवर एकच औषध लावतो.

पहिली खूण म्हणजे पुटकुळी. स्क्रूचं डोकं बाहेर येतं आणि पुट्टीला पुढे ढकलतं. अमेरिकेत घरांची चौकट लाकडी असते. लाकूड वाळून आकसतं, खिळा होता तिथेच राहतो, म्हणून डोकं बाहेर दिसू लागतं. न्यू जर्सीला आमच्या भाच्याच्या घरी पहिल्या हिवाळ्यानंतर अशा पुटकुळ्या आल्या होत्या. आपल्याकडे सेक्शन लोखंडी, ते आकसत नाहीत. मग इथे कारणं वेगळी. बहुतेक वेळा बोर्ड लावताना तो सेक्शनला टेकलेलाच नसतो, मध्ये बारीक फट राहते. पुढे कुणी एसीवाला, कुणी रंगवाला छताला हात देऊन ढकलतो, बोर्ड वर जातो आणि डोकं बाहेर येतं. किंवा स्क्रू जास्त फिरवल्याने पत्र्यातलं भोक सैल झालेलं असतं आणि हादऱ्याने स्क्रू खाली सरकतो. किंवा ओल येऊन डोकं गंजतं, फुगतं आणि वरचा रंग उचलतो.

दुसरी खूण म्हणजे गोल तडा आणि मध्ये खळगा. इथे डोकं जागेवर आहे, बोर्ड खाली आलाय. डोक्याखालचा कागद फाटला आणि बोर्ड स्वतःच्या वजनाने स्क्रूवरून खाली सरकू लागला. ही खूण पुटकुळीपेक्षा कमी नजरेत भरते. पण माझ्या मते एकटीदुकटी पुटकुळी त्रासदायक आणि खळग्यांची ओळ धोकादायक. मी हातोडीने पहिलीची दुसरी केली होती.

हे नुसतं पुस्तकी नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीत राहणारा बेळगावचा एक तरुण रात्री नऊला दारात आला. "काका, जरा येऊन बघता का? पोरीच्या खोलीत छताला परत रेषा आल्यात." वर्षात दोनदा पुट्टी मारून झाली होती. मी दिवा बंद केला आणि टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून दिसत नाही ते आडव्या उजेडात दिसतं, हे गस्तीवर शिकलेलं. एका ओळीत सहा गोल. शेजारी तळहात ठेवून हलकेच दाबलं, तर बोर्ड वर गेला, हात काढला तर खाली आला. बरोबर खाली मुलीचा पलंग.

त्याला म्हटलं, "आज पोरीला तुमच्या खोलीत झोपवा आणि पलंग ओढून घ्या. बाकी उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सीलिंगच्या कामातला एक मिस्त्री बोलावला. वयाने माझ्याहून निम्मा, पण मी त्याला उस्तादच म्हणतो. कामात जो शिकवतो तो उस्ताद, ही फौजेची रीत. त्याने खालून टेकू देऊन बोर्ड उतरवला. सहाही स्क्रू कागदाच्या आरपार गेलेले, भोकांभोवती नुसती भुकटी. मशीन पूर्ण जोरात ठेवून भराभर मारलेले. दोनदा लावलेल्या पुट्टीने काहीच धरलं नव्हतं, फक्त इशारा झाकला होता. उस्तादने नवा बोर्ड लावला, वीतभर अंतराने स्क्रू मारले आणि प्रत्येकावरून पत्रा फिरवून बघितला. मुलगी दोन दिवसांनी आपल्या खोलीत परत झोपली.

एका पुटकुळीची दुरुस्ती

एखाददुसरी पुटकुळी असेल, बोर्ड हलत नसेल, डाग नसेल, तर हे काम तुम्ही घरी करू शकता. क्रम महत्त्वाचा आहे.

१. त्या भागाचा एमसीबी बंद करा. छताच्या वर वायरी असतात. चष्मा आणि मास्क लावा. घोडा किंवा दुहेरी शिडी घ्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढू नका. माझ्या वयाच्या मंडळींनी शिडी धरायला कुणीतरी असल्याशिवाय चढूच नये.

२. सेक्शनची ओळ शोधा. फ्रिजवरचं लोहचुंबक छतावरून फिरवा, लपलेल्या स्क्रूंवर ते हलकेच ओढ घेतं. दोन-तीन स्क्रू सापडले की ओळ कळते. पेन्सिलीने खूण करा.

३. एका हाताने बोर्ड वर घट्ट दाबा. त्याच ओळीवर, पुटकुळीपासून दोन बोटं अंतरावर, दोन्ही बाजूंना एकेक नवा स्क्रू मारा. जुन्याला अजून हात लावायचा नाही. आधी नवा पहारेकरी उभा राहतो, मग जुना सुटतो.

४. आता जुना स्क्रू उलटा फिरवून काढा. नुसता फिरत राहिला तर पकडीने धरून ओढा. तो परत आत मारू नका, त्याचं भोक निकामी झालंय.

५. सुटलेली पुट्टी खरवडा. कागदाचे फाटके धागे ओढू नका, कटरने कापा. ओढले तर चांगला कागदही सोलून निघतो.

६. जिप्समचं जॉइंटिंग कंपाउंड वापरा. भिंतीची साधी पुट्टी इथे नको. पहिला थर फक्त खड्डा भरण्यापुरता. भोक मोठं असेल तर त्यावर जॉइंट टेपचा छोटा तुकडा. पूर्ण वाळल्यावर दुसरा थर, थोडा पसरट. मग तिसरा, त्याहून पसरट आणि अगदी पातळ. बेंगळुरूच्या पावसाळी हवेत मी दोन थरांमध्ये एक रात्र जाऊ देतो. घाईने एकच जाड थर लावला तर तो आकसतो आणि तडकतो.

७. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. आडवी टॉर्च धरून बघा. मग प्रायमर आणि दोन हात रंग. नुसता ठिगळाएवढाच रंग लावला तर तो उठून दिसतो, शक्य असेल तर छताचा तो पूर्ण भाग रंगवा.

एका पुटकुळीला हाताने काम एक तासाचं, पण वाळवण्यासह तीन दिवस. ते तीन दिवस द्या.

कधी हात लावू नये

चार वेळा माघार घेणं हेच शहाणपण. एक, ओळीत तीन किंवा अधिक खुणा असतील. दोन, पिवळसर डाग असेल. म्हणजे वर बाथरूम किंवा पाइप गळतोय. भिजलेला बोर्ड जड होतो आणि त्याची ताकद जाते, म्हणून आधी प्लंबर, छताचा मिस्त्री नंतर. तीन, बोर्डाला पोट आलेलं दिसत असेल. चार, खूण पंख्याजवळ असेल. पंख्याचं वजन वरच्या स्लॅबमधल्या हुकावरच हवं, जिप्सम बोर्डावर कधीच नको, आणि ते तसं आहे की नाही हे जाणकाराकडून बघून घ्यायला हवं. या चारही वेळी खालचा पलंग, पाळणा, सोफा आधी हलवा. त्याला खर्च नाही, मिस्त्रीची वाट बघावी लागत नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल तर खुणांचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि घरमालकाला दाखवा. पुट्टी मारण्याआधी दाखवा, नंतर दाखवायला काही उरत नाही.

आज रात्री झोपण्याआधी एवढंच करा. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च छताला आडवी धरा आणि आपल्या पलंगावरची जागा बघून घ्या. दोन मिनिटांची गस्त. काही दिसलं नाही तर शांत झोप लागेल. दिसलं तर हातोडी मात्र काढू नका, ती चूक माझी करून झाली आहे.

पुढच्या भागात पावसाळ्यात फुगणाऱ्या दारांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.